निळ्या पेन्सिलीची शून्यं

"आणि सर, काकूंनी मला तीनदा एकेक फेरी माफ केली होती. तुम्हाला काय, माहीतच असेल म्हणा," असं टाचणी म्हणाली आणि चुन्याची बादली खाली ठेवून, कमरेवर हात देऊन हसली. तो मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची उलगडत होता. खुर्चीचा एक पाय नेहमीसारखा अडकला होता. "हो, हो. माहीत आहे की," तो म्हणाला आणि पाय सोडवायला गरजेपेक्षा जास्तच वाकला, म्हणजे तोंड दिसू नये. त्याला काहीही माहीत नव्हतं. टाचणी बादली उचलून पांढरी रेघ ओढत पुढे निघून गेली; जाताना काहीतरी गुणगुणत होती, म्हणजे आपण काय बोलून गेलो याचा तिला पत्ताही नव्हता. खुर्चीचा पाय सुटला. तो बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटते आहे. शर्यतीआधी पोरांना वाटते तशी. त्या भीतीवर त्याच्याकडे चाळीस वर्षं एकच औषध होतं आणि ते तो पोरांना घोटून घोटून पाजायचा: भीती म्हणजे पायांत साठलेली ताकद, पळायला लागलं की ओसरते. पण आता या वयात त्याने कुठे पळायचं? सकाळचे साडेआठ वाजले होते. दहाला शिष्यवृत्तीची परीक्षा सुरू व्हायची होती, साडेदहाला लेक यायची होती, आणि समोर शाळेच्या कठड्याला कापडी फलक बांधून झाला होता. त्यावर त्यानेच तीन रात्री जागून सुचवलेलं वाक्य होतं: "जी शेवटपर्यंत थांबली नाही, तिच्या स्मरणार्थ."

टाचणी आता पंचेचाळिशीची, या शाळेत खेळाची शिक्षिका, अंगाने चांगली भरलेली. पण तेराव्या वर्षी ती इतकी किडकिडीत होती की नाव पडलं ते पडलं, आता तिची स्वतःची मुलंसुद्धा लाडात आली की तेच म्हणतात. ती त्याची विद्यार्थिनी. तसे या मैदानाच्या आसपासचे निम्मे लोक त्याचे विद्यार्थी होते. चाळीस वर्षं त्याने इथे लांब पल्ल्याचं पळणं शिकवलं, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रस्त्यात कुणी केस पिकलेला माणूस त्याला बघून पोट आत घ्यायचा. पाठीमागे पोरं त्याला 'अजूनएक सर' म्हणत. का, ते सांगायला नकोच. पोरगं घामाघूम होऊन, ओठ पांढरे करून सांगायचं, "सर, दम लागलाय," आणि तो म्हणायचा, "छान. अजून एक." हे टोपणनाव त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. त्याची एक पक्की समजूत होती, ती त्याने शाळेच्या भिंतीवर रंगवूनही घेतली होती: शरीर खोटं बोलतं. नवव्या-दहाव्या फेरीला शरीर कळवळून सांगतं की आता संपलं, मेलो, थांब. आणि ते खोटं असतं, कारण बारावी फेरी पळून झाल्यावर तेच शरीर पाच मिनिटांत दंगा करायला लागतं. हजारो पोरांवर त्याने हे पडताळून पाहिलं होतं. एकही पोरगं कधी मैदानावर कोसळलं नव्हतं. एकही नाही, हे तो अभिमानाने सांगायचा. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं की एकही का नाही? इतक्या वर्षांत, इतक्या पोरांत, एक तरी खरं बोलणारं शरीर असायलाच हवं होतं ना?

त्याची बायको, म्हणजे पोरांची काकू, खेळातली नव्हतीच. ती शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत दोन यंत्रं, भिंतीला खडूच्या खुणा, आणि दर वर्षी शाळा उघडायच्या आधी अख्ख्या शाळेचे गणवेश. मैदानावर ती का यायला लागली, तर शनिवारी नवरा दुसरीकडे कुठे सापडायचा नाही म्हणून. निदान ती तरी तसं म्हणायची. मग त्याने तिला काम दिलं. शनिवारी बारा फेऱ्या असत. पळणं जिथे ढिलं पडतं त्या पलीकडच्या वळणावर तो घड्याळ घेऊन उभा राहायचा, आणि अलीकडे, रेघेजवळ, या घडीच्या खुर्चीत ती वही घेऊन बसायची. वीस-पंचवीस पोरं, प्रत्येकाचा वेग वेगळा, कोण किती मागे कोण किती पुढे, तिने वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एकेक उभी रेघ मारायची आणि समोरून जाताना ओरडून सांगायचं, "तुझ्या पाच राहिल्या! तुझ्या सहा! तू रे, तुझ्या चार, नीट पळ!" आणि ती चुकायची. दर शनिवारी एखादा तरी घोळ ठरलेला. एखाद्याची वेळ अचानक फारच चांगली यायची, की त्याला कळायचं, याची एक फेरी गाळली. मग तो मैदान ओलांडून तरातरा यायचा. "पुन्हा? अगं, बारापर्यंतच मोजायचं असतं! लाखाच्या गोष्टी आहेत का?" ती जीभ चावायची, कान धरायची. "चुकले हो. गणितच कच्चं माझं, त्याला काय करू?" पोरं खो खो हसायची. तोही हसायचा. हा विनोद त्याने पुढे लग्नांत सांगितला, बारशांत सांगितला, स्वतःच्या निरोपसमारंभात सांगितला, आणि अकरा महिन्यांपूर्वी तिच्या शोकसभेतही सांगितला. तेव्हा लोक डोळे पुसता पुसता हसले होते, आणि मागच्या रांगेत बसलेली त्याची जुनी मुलं-मुली, टाचणी त्यांतच होती, जरा जास्तच रडली होती. ती का रडताहेत हे आपल्याला समजलंय असं त्याला वाटलं होतं.

माफ केली होती. गाळली नव्हती, चुकली नव्हती. माफ. तो शब्द त्याने तोंडात घोळवला आणि पुन्हा घोळवला, कारण अकरा महिने तो ज्या एका आधारावर उभा होता तो म्हणजे तिचं कच्चं गणित. हे बाहेरून ऐकणाऱ्याला वेडगळ वाटेल. पण त्याच्या आत त्या शेवटच्या दिवसाची एक जागा होती, आणि त्या जागेवर रोज सकाळी उठल्याबरोबर तो एक झाकण ठेवायचा, आणि ते झाकण होतं हे: ती चुकली. ती नेहमीच चुकायची. त्या दिवशीही चुकली.

आधी तिला लांबलेला ताप आला होता. महिनाभर अंथरूण. उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता चालवा त्यांना रोज, झेपेल एवढं." डॉक्टरांच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग त्याने ऐकला. दुसरा ऐकला नाही असं नाही, पण कुणाला किती झेपतं हे ठरवायचा तर त्याचा धंदाच होता. त्यात डॉक्टरला काय कळतं? स्वयंपाकघराच्या भिंतीला त्याने तक्ता लावला. राहत्या इमारतीभोवती पहिल्या आठवड्यात चार फेऱ्या, मग सहा, मग आठ, मग दहा, मग बारा. ऊन उतरलं की ती त्याचे जुने बूट घालून, दोन जोड मोजे चढवून, पदर खोचून खाली यायची. शेजारच्या बायका गॅलरीतून मजा बघायच्या. "काय हो, ऑलिंपिक का?" ती म्हणायची, "अहो, यांना कुणीतरी लागतंच पळवायला, आता मी सापडलेय." तो फाटकाजवळ घड्याळ घेऊन उभा राहायचा आणि ती वळसा घालून आली की बोटं दाखवायचा. तिसऱ्या आठवड्यापासून ती म्हणायला लागली, दम लागतो. तो खूश झाला. दम लागतो म्हणजे शरीर कामाला लागलं. "छान," तो म्हणाला. एकदा तिने रात्री पाठ भिंतीला टेकवून बसल्या बसल्या झोप काढली, आडवं झालं की कोंडतं म्हणाली, आणि त्याने सकाळी तक्त्यात एक फेरी वाढवली.

त्या दिवशी बाराची पाळी होती. अकरावी फेरी संपवून ती फाटकाशी आली आणि तिने फाटकाची सळई धरली. ऊन तिरपं होतं, तिच्या कानांच्या पाळ्या अगदी पिवळ्या दिसत होत्या. ती म्हणाली, "अहो, झाल्या ना बारा." त्याने हसून दोन्ही हात वर केले, दहा बोटं, मग एक बोट. "अकरा." ती त्याच्याकडे बघत राहिली. चांगलं दोन-तीन क्षण बघत राहिली. मग म्हणाली, "बारा झाल्या हो. तुम्ही मोजायला चुकलात." आणि तो काय म्हणाला? तो मोठ्याने हसला, वर गॅलरीतल्या बायकांना ऐकू जाईल असा, आणि म्हणाला, "मी? मोजायला चुकतेस ती तू! चल, अजून एक." तीही थोडी हसली. सळई सोडली आणि गेली. इमारतीच्या मागून यायला तिला फार वेळ लागला. त्याने घड्याळात पाहिलं आणि ढिलाईबद्दल काहीतरी बोलायचं ठरवलं, पण ती आल्यावर बोलला नाही. जिने चढून वर आल्यावर ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. "पाणी द्या हो जरा." तो आत गेला, आणि आधी तक्त्यावर त्या दिवसाच्या चौकोनात बरोबरची खूण केली, पेन जागच्या जागी अडकवलं, मग माठाकडे वळला. पेला भरून तो फिरला तेव्हा ती स्टुलावरून भिंतीकडे कलली होती. मोजे अजून पायात होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकीने विचारलं, "बाबा, आई काही म्हणाली होती का? काही होतंय, थांबूया, असं काही?" तो म्हणाला, "नाही गं. काही नाही म्हणाली." हे खोटंही नव्हतं. थांबूया असं ती म्हणालीच नव्हती. तिने फक्त एक आकडा सांगितला होता आणि तो चुकीचा होता.

मैदानावर चुन्याची शेवटची रेघ ओढून होत आली होती. तो उठला. सामानाच्या खोलीत, भाल्यांच्या मागे, फुटके अडथळे रचलेत त्यावर एक पत्र्याची पेटी होती. त्यात तिच्या वह्या असणार हे त्याला माहीत होतं, कारण त्यानेच त्या टाकून द्यायला नको म्हणून ठेवल्या होत्या. बघितल्या कधी नव्हत्या. खोलीत चामड्याचा आणि जुन्या दोऱ्यांचा वास होता. त्याने पेटी उघडली तेव्हा कडी बोटांतून दोनदा निसटली, आणि ती आपली बोटं आहेत हे त्याला पटेना. घड्याळाची कळ दाबण्यात ज्यांची चूक कधी अर्ध्या श्वासाइतकीही झाली नाही ती ही बोटं. पहिलीच वही उघडली. नावं, आणि नावांपुढे उभ्या रेघा, सरळ, सारख्या अंतराने, शिवणीच्या टाक्यांसारख्या. दहा, अकरा, बारा. त्याने मोजल्या. प्रत्येकाच्या बाराच होत्या. क्षणभर त्याला इतकं हलकं वाटलं की तो पेटीच्या कडेवर बसला. बघा, टाचणी आपली काहीतरीच बोलते. मग त्याला दिसलं की काही नावांपुढे अकरा रेघा आहेत आणि बाराव्या रेघेच्या जागी एक छोटंसं शून्य आहे. निळं. कापडावर खुणा करायची तिची निळी पेन्सिल होती, त्या पेन्सिलीने काढलेलं, बाकीच्या रेघा साध्या शाईच्या. त्याने पानं उलटली. दर पानावर एक, कुठे दोन. टाचणीच्या नावापुढे, तीन वेगवेगळ्या शनिवारी, तीन. शून्य अगदी गोल, घाईत काढलेलं नाही. जे पळलं नाही त्याची रेघ मारायची नाही. पण जागा तर ठेवायची. तिने एकदाही खोटं लिहिलं नव्हतं आणि एकदाही मोजायला चुकली नव्हती.

आणि कशी चुकेल? दोनशे पोरांची मापं या बाईला तोंडपाठ होती. छाती, खांदा, बाही. चिठ्ठीवर लिहून घेतलेलं त्याने कधी पाहिलं नाही. कुणाची छाती श्वास घेताना किती फुगते हे तिने फीत लावून, स्वतःच्या दोन बोटांनी बघितलेलं होतं, दर वर्षी, प्रत्येकाचं. "या पोराचं काहीतरी बिनसलंय, माप वाढायला हवं होतं," असं ती जेवताना म्हणायची, आणि तो "हं" म्हणायचा. ही दोन माणसं, यंत्रावरची आणि खुर्चीतली, एकच आहेत हे त्याच्या डोक्यात चाळीस वर्षांत शिरलं नव्हतं. चाळीस वर्षं. आणि त्याला वाटायचं की आपण माणसं ओळखतो. मैदानावर एकही पोरगं का कोसळलं नाही याचं उत्तर त्याच्या मांडीवर उघडं पडलं होतं, आणि आता त्याला त्या दिवसाकडे बघावंच लागलं, झाकणाशिवाय. फाटकाची सळई धरून ती चुकली नव्हती. तिला माहीत होतं, अकरा. तिने त्याच्याकडे ते मागितलं होतं जे तिने प्रत्येकाला न मागता दिलं होतं, आणि तेही त्याचं तोंड राखून मागितलं होतं: थांबवा म्हणाली नाही, मला होत नाही म्हणाली नाही, बाराच झाल्या म्हणाली, म्हणजे त्याचा नियमही मोडू नये. आणि तो वरच्या बायकांना ऐकू जाईल असा हसला होता.

"सर!" टाचणी दारात होती. "पोरं आली. चला ना, उशीर होईल." त्याने वही मिटली. निळी पेन्सिल पेटीत तळाशी होती, टोक झिजलेली. ती त्याने खिशात टाकली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. "बरं नाही का वाटत?" "छे. धूळ गेली घशात." तिने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं आणि त्याला भीती वाटली की ती आता विचारील, पण ती कशाला विचारील, तिला कुठे काय माहीत होतं?

सहा जण होते, छातीवर आकडे टाचलेले. शिष्यवृत्तीचे नियम त्याचेच. बारा फेऱ्या, ठरलेल्या वेळेत, आणि मध्ये थांबला तो बाद. पुढची तीन वर्षं शिकणं आणि पळणं ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी ही सोय, तिच्या नावाने. पण फुकट नाही, हे त्याने समितीत ठणकावून सांगितलं होतं. तिला नसतं आवडलं, असंही म्हणाला होता. टाचणी घड्याळ घेऊन पलीकडच्या वळणावर गेली, कारण ती जागा आता तिची होती, आणि तो वही घेऊन खुर्चीत बसला, कारण आज त्याने हट्टाने ती जागा मागितली होती. भाषणात सांगायला बरं, तिच्या खुर्चीत बसून मोजलं म्हणून. शेजारी तिपाईवर शेवटच्या फेरीची पितळी घंटा. शिट्टी झाली. पोरं सुटली.

पहिल्या चार फेऱ्या नीट गेल्या. पाचव्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की इथे ऐकू येतं. इतकी साधी गोष्ट. पलीकडच्या वळणावरून दिसायचे ते पाय. पावलांवरून, टाचांवरून, खांद्यांवरून तो पोराची कुंडली मांडायचा. इथे, रेघेपासून दोन हातांवर, पायांच्या आधी श्वास यायचा. लांबून ऐकू यायला लागायचा, मोठा होत यायचा, तोंडावरून जायचा आणि मागे विरायचा. एकाचा सुई-दोऱ्यासारखा सरळ, एकाचा घरघरणारा पण भरदार, एकाचा नाकातून फुरफुरणारा. चाळीस वर्षं ती हे ऐकत बसली होती. तो रेघा मारत होता, ओरडत होता, "सात राहिल्या! सात! तुझ्याही सात!" आणि चार नंबर आली. चार नंबर म्हणजे एक काटकुळी, मोठ्या कपाळाची मुलगी, वेणी पाठीवर आपटत येणारी. तिच्या शाळेच्या मास्तरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, जिद्दी आहे. तिच्या श्वासात एक खाच होती. आत घेताना मध्येच अडायचा, जणू दाराला कडी लागते आहे, आणि मग उरलेला घेतला जायचा. हे त्याने कधी ऐकलं होतं? जिन्यात. बायकोच्या मागून वर चढताना, तिसऱ्या आठवड्यात, रोज.

त्याने रेघ मारली. सहा राहिल्या. पाच. चार. खाच तशीच होती, की मोठी झाली होती? नाही, इतरांच्याही श्वासात आता काही ना काही होतं, सगळेच ओढायला लागले होते, हे नेहमीचंच, नववी फेरी, शरीर खोटं बोलतं. बोलतं का? कुणाचं बोलतं? खुर्चीत बसून बायकोने हे कसं ओळखलं असेल, तिच्याकडे कोणतं माप होतं, आणि ते तिने त्याला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं का? चार नंबर पुन्हा आली. कानाच्या पाळ्या. त्याने पाळ्यांकडे बघितलं आणि त्या त्याला पिवळ्या दिसल्या, पण ऊन होतं, उन्हात काहीही पिवळं दिसतं. उठून तिला थांबवावं तर ती बाद. तीन वर्षं गेली. न थांबवावं तर. तो वाक्य पुरं करू शकेना. त्याला स्वतःचाच श्वास ऐकू यायला लागला. मागे फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, चपलांचा आवाज आला, आणि लेक येऊन त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "कोण जिंकतंय, बाबा?" तिच्या हाताचं ओझं खुर्चीतून त्याच्या पाठीत उतरत होतं. अगदी आईसारखा हात.

चार नंबर वळणावरून सरळ रस्त्याला लागली. दहा झाल्या होत्या. श्वास आला. खाच, आणि खाचेनंतर काहीच नाही, आणि मग एकदम पुष्कळ. तिने जाता जाता त्याच्याकडे बघितलं. दोन-तीन क्षण नव्हेत, पळणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, पण बघितलं. त्याने घंटा उचलली आणि बडवली. "शेवटची!" तो ओरडला, आणि आवाज फाटला. मुलगी गडबडली. पळणारे स्वतःही मोजतातच. "दोन ना?" ती धापा टाकत म्हणाली. "एक! शेवटची! जा!" ती गेली. त्याने खिशातून पेन्सिल काढली, आणि चौथ्या नावापुढे, अजून न झालेल्या अकराव्या रेघेसाठी जागा सोडून, पुढे एक शून्य काढलं. ते शून्य वेडंवाकडं आलं, नीट मिटलंही नाही.

ती फेरी संपेपर्यंतचा वेळ त्याच्या आयुष्यातला सर्वांत लांब होता, इमारतीमागच्या त्या बाराव्या फेरीइतकाच लांब. मग ती रेघ ओलांडून आली आणि गवतावर गुडघ्यांवर बसली. "पाणी," तो ओरडला, "आधी पाणी द्या तिला!" आणि स्वतःच बाटली घेऊन धावला, सहा वर्षांत पहिल्यांदा धावला. तिने पाणी प्यायलं, खोकली, तोंड पुसलं. तो तिच्या छातीकडे बघत राहिला, वर, खाली, वर. पाच मिनिटांत तिच्या गालांवर रंग आला. ती उठून उभी राहिली आणि हळू आवाजात, पण जरा रागानेच म्हणाली, "सर, माझी एक राहिली होती. मी पळले असते." पळली असती का? कोण जाणे. त्याला कळलं नाही, आणि आता कधी कळणारही नव्हतं; कळत नाही म्हणूनच तर माफ करायची असते, एवढं त्याला त्या क्षणी कळलं आणि त्याने भीती काही कमी झाली नाही.

टाचणी मैदान ओलांडून आली, घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालून, तरातरा. "सर, चार नंबरची वेळ फारच…" तिने त्याच्या वहीत डोकावून बघितलं. निळं शून्य बघितलं. घड्याळाची कळ दाबून तिने काटा शून्यावर नेला. "मोजायला चुकलात का, सर?" ती म्हणाली.

"चुकलो," तो म्हणाला.

"बरं. आईच्या खुर्चीचाच गुण दिसतोय हा," लेक मागून हसत म्हणाली. "बसलं की गणित कच्चं होतं. आईसुद्धा अशीच चुकायची ना?"

समोर बाकीची पोरं बारा पुऱ्या करून गवतावर पसरली होती. वर फलकाचं कापड वाऱ्याने फुगत होतं आणि बसत होतं. लेक हसतच होती, आणि ते हसू आता आपण पुसणार आहोत, आणि त्यानंतर ती आपल्याकडे कधी कशी बघेल हे ठाऊक नाही, याची त्याला इतकी भीती वाटली की त्याने खुर्चीची पाठ धरली.

"नाही," तो म्हणाला. "ती कधीच चुकली नाही. तू मला दवाखान्यात विचारलं होतंस, आई काही म्हणाली का. म्हणाली होती."

"काय?"

"फाटकाशी येऊन म्हणाली, बारा झाल्या. मी म्हटलं, अकरा." त्याला पुढे बोलायला श्वास मिळेना, लेक थांबली, आणि त्यानेही तो पुरा येईपर्यंत थांबून घेतला. "माझा आकडा बरोबर होता."